ऑर्किडच्या कळ्या का गळतात? वनजिल्ह्यांतील जोपासनेचे काही नियम

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत उन्हाळा हा पानगळीचा तसाच फुलोऱ्याचाही काळ असतो. फाल्गुनात पळस फुलतो, चैत्रात मोहाचा सडा पडतो आणि वैशाखाच्या काहिलीत, सारे रान करपल्यासारखे दिसत असताना, जुन्या मोहाच्या किंवा आंब्याच्या खोडावर रास्नेला तुरे येतात. हिरवट पिवळ्या पाकळ्यांवर तपकिरी चौकटींची नक्षी, मध्यभागी निळसर जांभळी ओठासारखी पाकळी आणि मंद सुगंध असे या फुलाचे रूप आहे. मराठीत ज्यांना आमरे म्हणतात, त्या ऑर्किड कुलातील ही एक वनस्पती. शास्त्रज्ञ तिला वँडा टेसेलाटा या नावाने ओळखतात. वँडा हे जागतिक नाव संस्कृतातील ‘वन्दा’ या शब्दावरून आले आहे.

अलीकडे ऑर्किडची कुंडी शहरांतील घरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गावी शासकीय निवासस्थानांत, शाळांच्या ओसरीवर आणि ग्रामपंचायतींच्या कार्यालयांतही दिसू लागली आहे. रोपवाटिकांतून मिळणारी फॅलेनॉप्सिस व डेंड्रोबियम या जातींची संकरित रोपे लोक हौसेने विकत घेतात. काही ठिकाणी जंगलातून उपटून आणलेली रास्नाही कुंडीत लावलेली आढळते. दोन्हींच्या बाबतीत एक तक्रार मात्र सारखीच असते. दांडा येतो, कळ्या धरतात आणि फुलण्यापूर्वीच पिवळ्या पडून गळतात. ही गळ का होते आणि ती कशी थांबवावी, याचा विचार येथे केला आहे. जंगलातील रास्नेचे काय करावे, हा प्रश्नही त्याच्याशी जोडलेला आहे.

झाडावर राहणारी, पण झाडावर न जगणारी

कुंडीतील ऑर्किडची निगा राखण्यापूर्वी त्याचा स्वभाव समजून घेणे अगत्याचे आहे. रास्ना, फॅलेनॉप्सिस आणि बहुतेक डेंड्रोबियम या वृक्षांच्या सालीवर वाढणाऱ्या वनस्पती आहेत. त्यांना मातीची गरज नसते. त्यांची मुळे जाड, पांढुरकी असून त्यांच्यावर स्पंजासारखे आवरण असते. पावसाचे व दवाचे पाणी हे आवरण शोषून घेते आणि ओले झाले की मूळ हिरवे दिसू लागते. सालीच्या भेगांत साठलेला पालापाचोळा व धूळ यांतून या वनस्पतींना अल्प प्रमाणात पोषण मिळते. आश्रयवृक्षाच्या रसाला त्या हात लावीत नाहीत.

बांडगुळाचे तसे नाही. बांडगूळ फांदीच्या आत शिरून झाडाचा रस घेते. जेथे ते झाडाला चिकटते तेथे फांदी फुगलेली व गाठाळ होते. ऑर्किडची मुळे सालीवर केवळ पसरलेली असतात. हा भेद माहीत नसल्याने आंब्याच्या व मोहाच्या झाडांवरील बांडगूळ काढताना रास्नाही ओरबाडून टाकली जाते. त्यात झाडाचा कोणताही लाभ नसतो, एका निरुपद्रवी वनस्पतीचा नाश मात्र होतो.

या स्वभावातून निगराणीचे पहिले सूत्र मिळते. मुळांना पाणी हवे तितकीच हवाही हवी. मातीने भरलेल्या कुंडीत ही मुळे गुदमरून कुजतात आणि कुजलेल्या मुळांचे रोप कळ्या पोसू शकत नाही. म्हणून कुंडीला बाजूने भोके असावीत आणि तिच्यात लाकडी कोळशाचे तुकडे, विटांचे बारीक खडे व नारळाच्या सोडणाचे तुकडे भरावेत. रास्नेच्या गटातील रोपे लाकडाच्या फळीवर किंवा उघड्या टोपलीत बांधली तरी चालतात.

कळी गळते म्हणजे काय होते?

वनस्पतीच्या दृष्टीने फूल ही खर्चाची बाब आहे. पाणी, अन्न वा हवामान यांपैकी काहीही एकाएकी बिघडले की वनस्पती प्रथम हा खर्च कमी करते. कळीच्या देठाशी पेशींचा एक थर सैल होतो आणि कळी आपोआप सुटते. पाने टवटवीत असतानाही कळ्या गळतात, त्याचे कारण हेच. कळीची गळ हा बहुधा रोग नसून रोपाने दिलेली सूचना असते.

ही सूचना वाचता येते. दांड्याच्या टोकाची एखादी बारीक कळी सुकली, तर रोपाची ताकद तेवढीच होती असे समजावे. त्यात काळजीचे काही नाही. सगळ्या कळ्या दोन-चार दिवसांत एकदम पिवळ्या पडल्या, तर उष्ण वारा, विषारी वायू किंवा मुळांची कुज यांपैकी एक कारण असते. कळ्या वेड्यावाकड्या उमलल्या व त्यांच्या कडा तपकिरी झाल्या, तर फुलकिड्यांचा संशय घ्यावा. कळी काळी व मऊ पडली, तर तिच्यावर पाणी साचून बुरशी वा जिवाणूंची वाढ झाली आहे असे मानावे. कारण ओळखल्याशिवाय पाणी किंवा खत वाढविणे हा सर्वांत सामान्य व सर्वांत घातक उपाय ठरतो.

ऋतूंचा विसंवाद

या दोन जिल्ह्यांत कळ्या गळण्याचे मुख्य कारण ऋतुमानात आहे. फॅलेनॉप्सिसला फुलोऱ्याचा दांडा येण्यासाठी काही आठवडे थंडावा लागतो. तापमान साधारण २५ अंश सेल्सिअसच्या खाली राहू लागले की दांडा फुटतो. चंद्रपूर-गडचिरोलीत हा थंडावा मार्गशीर्ष-पौषात आपोआप मिळतो. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत दांडा दिसू लागतो. मात्र दांडा फुटल्यापासून फूल उमलेपर्यंत अडीच-तीन महिने जातात. कळ्या पूर्ण भरतात तो काळ मार्चचा असतो. नेमक्या याच वेळी येथील हवा कोरडी होते, दुपारचा वारा तापू लागतो आणि पुढे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्याही वर जातो. ज्या रोपाला हवेत निम्म्याहून अधिक आर्द्रता हवी असते, त्याला अशा कोरड्या झळा सोसाव्या लागतात. कळ्या गळतात त्या येथे.

रास्नेचे वेळापत्रक निराळे आहे. ती याच भूमीची असल्याने तिचा फुलोरा उन्हाळ्यातच येतो. तिची पाने जाड व पन्हाळीसारखी असतात. अशा जाड पानांच्या अनेक ऑर्किडांत पानांवरील रंध्रे दिवसा मिटलेली राहून रात्री उघडतात, त्यामुळे पाण्याची बचत होते. परप्रांतीय संकरित रोपाला मात्र येथील उन्हाळा तसा सोसत नाही. म्हणून घरात लावलेल्या फॅलेनॉप्सिसला या भागात फेब्रुवारीपासूनच संरक्षण द्यावे लागते. झळा सुरू झाल्यावर केलेली धावपळ उशिराची ठरते.

यासाठी रोप उत्तर किंवा पूर्व बाजूच्या खोलीत ठेवावे. सकाळचे कोवळे ऊन चालते, दुपारचे ऊन थेट पडू देऊ नये. व्हरांड्यात ठेवायचे झाल्यास हिरवी सावलीची जाळी लावावी व दुपारी ओले केलेले गोणपाट किंवा वाळ्याचा पडदा सोडावा. पसरट परातीत खडे व पाणी भरून त्यावर कुंडी ठेवावी. कुंडीचे बूड पाण्याला लागू देऊ नये. पिण्याच्या पाण्याचा माठ ज्या कोपऱ्यात असतो तो कोपरा बहुधा घरातील सर्वांत ओलसर व थंड असतो. रोपाला तोच मानवतो.

विदर्भातील घरोघरी उन्हाळ्यात कूलर चालतो. कूलरमुळे खोलीत ओलावा वाढतो, हे रोपाच्या हिताचे आहे. मात्र त्याचा झोत थेट कळ्यांवर येणे अहिताचे आहे. दिवसभर गार व ओला झोत आणि वीज गेली की एकाएकी उष्ण हवा, या चढउताराने कळ्या सुटतात. म्हणून रोप त्याच खोलीत, पण झोताच्या बाजूला ठेवावे. हिवाळ्यातही हाच नियम लागू आहे. पहाटेचा पारा १५ अंशांच्या खाली जात असेल तेव्हा रोप खिडकीलगत ठेवू नये.

आंब्याची आढी आणि चुलीचा धूर

कळ्या गळण्याचे आणखी एक कारण घराघरांत असते आणि सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. पिकणारी फळे इथिलीन नावाचा वायू सोडतात. याच वायूमुळे आढीतील एक आंबा पिकला की शेजारचाही पिकू लागतो. ऑर्किडच्या कळ्या या वायूला अत्यंत हळव्या असतात. हवेच्या दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी इथिलीन असले, तरी त्या गळू शकतात. ज्या खोलीत तणसात आंबे घातले आहेत किंवा केळीचे घड टांगले आहेत, त्या खोलीत ऑर्किडची कुंडी ठेवणे म्हणजे कळ्या हातांनी खुडण्यासारखेच आहे. फळे पिकविण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास कायद्याने बंदी आहे. त्यातून निघणारा ॲसिटिलीन वायूही कळ्यांवर असाच परिणाम करतो.

लाकूडफाट्याच्या धुरातही इथिलीन असते. म्हणून चूल, शेकोटी, उदबत्ती व वाहनांचा धूर यांपासून रोप दूर ठेवावे. शाळेत ते पोषण आहाराच्या स्वयंपाकखोलीजवळ ठेवू नये. सुकलेली फुले व कुजकी पाने हीदेखील इथिलीन सोडतात, म्हणून ती वेळच्या वेळी काढून टाकावीत. कोळशाच्या खाणी असलेल्या चंद्रपूर, वरोरा, राजुरा या परिसरात पानांवर धुळीचा थर बसतो. तो आठवड्यातून एकदा ओल्या मऊ फडक्याने पुसावा.

पाणी, खत आणि कीड

पाणी सकाळी द्यावे. मुळे पांढुरकी दिसू लागली की पाण्याची वेळ झाली असे समजावे. ती हिरवी असेपर्यंत पाणी देऊ नये. उन्हाळ्यात हे अंतर एक-दोन दिवसांचे, तर पावसाळ्यात पाच-सहा दिवसांचेही असू शकते. पानांच्या बेचक्यात व कळ्यांवर पाणी साचू देऊ नये. साचल्यास कापसाने टिपून घ्यावे. बोअरचे जड पाणी सतत दिल्याने मुळांवर क्षारांचा पांढरा थर जमतो. छपराचे पावसाचे पाणी स्वच्छ टाकीत साठवून ते वापरणे हितावह होय. ते शक्य नसल्यास महिन्यातून एकदा भरपूर साध्या पाण्याने कुंडी धुवून काढावी.

खत थोडे व पातळ द्यावे. पाण्यात विरघळणारे नत्र, स्फुरद व पालाशयुक्त मिश्रखत एका लिटरला अर्धा ते एक ग्रॅम या प्रमाणात, वाढीच्या काळात पंधरा दिवसांनी एकदा पुरेसे होते. कळ्या दिसू लागल्यावर मात्रा वाढविल्याने फुले वाढत नाहीत, उलट मुळे भाजतात. कळ्या असताना कुंडी बदलणे, मुळे छाटणे अथवा रोप सारखे इकडून तिकडे हलविणेही टाळावे. दांडा प्रकाशाकडे वळलेला असतो. कुंडी फिरवली की तो पुन्हा वळू पाहतो आणि या ओढाताणीत कळ्या कमजोर होतात. कुंडीच्या एका बाजूस खडूने खूण केल्यास ती पूर्ववत ठेवणे सोपे जाते.

कळ्यांवर गोड रसाचे थेंब दिसतात. ते बहुधा नैसर्गिक असतात आणि त्यांसाठी औषध नको. पण त्या रसासाठी मुंग्या येऊ लागल्या, तर मावा वा पिठ्या ढेकूण आहे का ते पाहावे. थोडी कीड असल्यास ओल्या कापसाने पुसून काढावी. प्रादुर्भाव अधिक असल्यास निंबोळी अर्काची सौम्य फवारणी सायंकाळी करावी. भर दुपारी फवारलेल्या तेलकट औषधाने कळ्या होरपळतात.

रानातली कळी

घरातील रोपासाठी एवढी काळजी घेतली जात असताना, रानातील रास्नेची स्थिती काय आहे हेही पाहिले पाहिजे. ऑर्किडच्या एका बोंडात हजारोंपासून लाखांपर्यंत बिया असतात. त्या धुळीसारख्या सूक्ष्म असून त्यांत साठविलेले अन्न जवळजवळ नसते. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच बी रुजते. फ्रान्सचे नोएल बर्नार यांनी १८९९ च्या सुमारास ही गोष्ट उघडकीस आणली. १९२२ मध्ये अमेरिकेतील लुईस नुडसन यांनी साखरयुक्त माध्यमावर बुरशीविना बी रुजवून दाखविले. आज रोपवाटिकांत मिळणारी संकरित रोपे अशाच प्रयोगशाळांतील पद्धतींनी वाढविलेली असतात. रानात मात्र ही सोय नाही. लाखो बियांतून एखादेच रोप तगते आणि फुलावर येण्यास त्याला अनेक वर्षे लागतात. उपटून नेलेल्या एका रास्नेची जागा भरून निघण्यास म्हणूनच मोठा काळ जातो. तुरे खुडले की त्या वर्षीचे बीही गेले.

औषधासाठी होणारी तोड हे दुसरे संकट. आयुर्वेदातील ‘रास्ना’ या नावाने देशाच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. त्यांत या ऑर्किडच्या मुळांचाही समावेश होतो. मूळ काढले की रोप संपते. जंगलातून आणलेले रोप घरात फार काळ टिकतही नाही. आणताना त्याची मुळे तुटलेली असतात, सालीवरची बुरशी मागे राहते आणि पहिल्याच उन्हाळ्यात ते सुकते. अशा रोपाच्या कळ्या गळण्यावर कोणताही उपाय नाही.

कायद्याचीही बाजू आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये राखीव वनातून विनापरवाना वनोपज काढणे हा गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांतून वनस्पती काढता येत नाहीत. दुर्मीळ प्राणी व वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार १९७५ मध्ये अमलात आला. त्याच्या सूचीत संपूर्ण ऑर्किड कुल समाविष्ट आहे आणि १९७६ पासून भारत त्या कराराचा सदस्य आहे.

गावाच्या हाती असलेले काम

संरक्षणाचे साधन गावाच्या हातीही आहे. वनहक्क अधिनियम, २००६ ने सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना वन व जैवविविधता यांच्या रक्षणाचा अधिकार दिला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर क्षेत्रावर असा हक्क मिळाला. त्यानंतर गडचिरोली जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा या वाटेने गेल्या आहेत. जुने वृक्ष राखल्याने काय साधते, हे आलापल्लीच्या ‘वनवैभव’ क्षेत्रात पाहता येते. राज्य शासनाने २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. जुना, खडबडीत सालीचा, ओलावा धरून ठेवणारा वृक्ष हे रास्नेचे घर आहे. ते घर राहिले तरच रास्ना राहील.

या दृष्टीने काही गोष्टी विनाखर्च करता येण्याजोग्या आहेत. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते व तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गावशिवारातील ज्या मोहावर, ऐनावर किंवा आंब्यावर रास्ना आहे, त्या झाडांची नोंद या वहीत करावी. बांडगूळ काढण्याचे काम ठरले तर मजुरांना दोन्ही वनस्पतींतील फरक प्रत्यक्ष दाखवून मगच काम सुरू करावे. वादळाने फांदी मोडून तिच्यावरील ऑर्किड जमिनीवर पडले असल्यास ते घरी नेण्याऐवजी शेजारच्याच जुन्या झाडाला, सावलीच्या बाजूस, सुतळीने बांधावे. वनक्षेत्रात असे करण्यापूर्वी वनरक्षकास कळवावे. पावसाळ्याच्या प्रारंभी हे काम केल्यास मुळे सालीला धरतात. एक-दोन वर्षांत सुतळी कुजून जाते आणि रोप आपल्या बळावर उभे राहते.

शिक्षकांना याचा चांगला उपयोग करून घेता येईल. शाळेच्या आवारातील किंवा वाटेवरील एका झाडावरच्या रास्नेचे निरीक्षण विद्यार्थ्यांकडे सोपवावे. दांडा केव्हा आला, कळ्या किती धरल्या, किती गळल्या, किती उमलल्या व किती बोंडे धरली, एवढ्याच पाच नोंदी दर आठवड्याला तारखेनिशी ठेवाव्यात. शाळेला उन्हाळी सुटी असली तरी गावातील मुले हे काम हौसेने करतील. चार-पाच वर्षांच्या नोंदी जमल्या की आपल्या गावी रास्ना केव्हा फुलते, कोणत्या वर्षी तिच्या कळ्या अधिक गळल्या आणि त्या वर्षीचे हवामान कसे होते, हे गावालाच सांगता येईल.

घरात फुले हवी असणाऱ्याने पावती देणाऱ्या रोपवाटिकेतून वाढविलेले रोप घ्यावे, ते आंब्याच्या आढीपासून, चुलीपासून व उष्ण वाऱ्यापासून दूर ठेवावे आणि कळ्या असताना त्याला हलवू नये. रानातील रास्ना पाहण्यासाठी वैशाखात झाडाखाली जावे. तिची कळी तेथेच शोभते.